कुलपात चाबी तुटली तर दगड उचलायच्या आधी हे करून पहा

वावरातल्या खोलीचं कुलूप, मोटरच्या पेटीचं, गोठ्याचं, यातलं एकतरी पावसाळ्यात जाम होतेच, अन मग जोर लावला की अर्धी चाबी हातात अन अर्धी आत. पहिले काय सुचते तर दगड नाहीतर हातोडी. राजेहो, तेवढं करू नका, काऊन की तुटलेली चाबी बऱ्याच वेळा निघते, पण ठोकून आतल्या पिना (चाबीचे दाते ज्यांना उचलतात त्या बारीक खुंट्या) वाकल्या की मग ते कुलूप कोणाच्याच हातचं राहत नाही, अन वरून कोयंडा वाकतो, चौकट फाटते ते वेगळंच.

सगळ्यात आधी आठवा, चाबी फिरवताना तुटली की बाहेर ओढताना. पुढचं सगळं याच्यावर आहे.

फिरवताना तुटली असेल तर ती पूर्ण आत बसलेली होती, म्हणजे तिच्या दात्यांनी आतल्या पिना बरोबर उंचीवर धरून ठेवल्या आहेत, कुलूप उघडायला जे पाहिजे ते सगळं आतच आहे. मग तुकडा काढायच्या मागे कशाला लागता, आधी कुलूप तर उघडा! हातातला अर्धा तुकडा त्याच खाचेत नुसता टेकवा, नाहीतर बारीक चपट्या तोंडाचा पेचकस टेकवा, अन हळूहळू फिरवा. आत दाबायचं नाही, फक्त फिरवायचं. पिनवाल्या कुलपात हे पुष्कळदा जमते, अन एकदा दार उघडलं की मग कुलूप घेऊन सावलीत बसा, घाई नाही.

ओढताना तुटली असेल तर तुकडा अर्धवट सरकलेला असतो. तेव्हा मागून दुसरी चाबी, खिळा, पेचकस काहीच घालू नका, तुकडा अजून खोल जाईल.

आता काढायचं कसं. आधी चाबीची खाच कुठे आहे ते टॉर्च मारून पहा. चाबी ज्या जागेवर घालतो-काढतो त्या जागेवर खाच असली तरच तुकडा बाहेर येईल, थोडी जरी तिरपी फिरलेली असली तरी पिना वर सरकू शकत नाही अन तुकडा अडकूनच राहते, मग तुम्ही कितीही ओढा. म्हणून पेचकसच्या टोकाने खाच परत सरळ करा. काही कुलपांत दांडा आत दाबून बंद केल्याशिवाय चाबी निघतच नाही, तर उघडलेल्या कुलपातून तुकडा काढायचा असेल तर आधी दांडा बसवून बंद करून घ्या (कडीत अडकवून नाही हो, हातात घेऊन).

मग तेल. शिलाई मशीनचं पातळ तेल चालते, गंज सोडवायचा स्प्रे असला तर त्याच्या बारीक नळीने आत मारा अन पाच-दहा मिनिटं थांबा. गोडं तेल घालू नका, काही दिवसांनी ते चिकट होते अन सोयाबीनची, कापसाची सगळी धूळ धरून ठेवते. खोबरेल तर आणखी वाईट, आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत ते आत गोठूनच जाते.

तुकड्याचं टोक बाहेर दिसत असेल तर काटा काढायचा चिमटा घ्या, बारीक टोकाचा, जाड पक्कड टोक धरता धरता आत ढकलते. कुलूप लटकत असेल तर चाबीचं तोंड खाली करा अन लाकडी मुठीने बाजूने हलकं हलकं ठोका, तेलाने सुटलेला तुकडा स्वतःहून खाली येते कधीकधी.

टोक दिसत नसेल तर खरं औजार म्हणजे करवतीचं पातं. सुताराकडे नक्षीकामाची बारीक आरी असते ती उत्तम, नसेल तर लोखंड कापायच्या हॅक्सॉचं जुनं पान वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडरवर घासून दातांकडची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी करून घ्या, पूर्ण पान खाचेत जात नाही. दात आपल्याकडे वळलेले पाहिजेत, गळाच्या उलट्या टोकासारखे, म्हणजे जाताना सरकतील अन येताना धरतील. चाबीच्या दात्यांच्या बाजूने पट्टी आत सरकवा, थोडी पिळा म्हणजे पितळेत रुतेल, अन सरळ बाहेर ओढा. एकदा ओढल्यावर तुकडा अर्धा मिलिमीटर येईल, परत आत, परत ओढा, चिडायचं नाही. पट्टी नसेल तर छत्रीची काडी टोकाला ठोकून चपटी करा, टोकाला बारीक आकडा काढा, तेही काम करते.

चुंबक लावून पाहणारे लय आहेत, पण चाबी बहुतेक पितळेची असते, पितळ चुंबकाला धरत नाही. आणि फेविक्विक नकोच. तेल लागलेल्या धातूवर ते धरत नाही, अन सांडलं तर पिना चिकटून कुलूपच जाते.

अलीगढकडून येणारी ती मोठी लिव्हरवाली (आत पिनांऐवजी चाबीने उचलायच्या पट्ट्या असलेली) कुलपं असतात ना, त्यांचं वेगळं आहे. त्यात चाबीच्या टोकाला पान असते अन ते आत फिरल्यावर भोकासमोर आल्याशिवाय निघत नाही. भोक मोठं असते म्हणून दोन बारीक तारा दोन्ही बाजूने घालून तुकडा धरायचा, आधी फिरवून पान भोकाच्या रेषेत आणायचं, मगच ओढायचं. चाबी लोखंडी असली तर इथे मात्र चुंबक कामी येते.

मोटरच्या पेटीबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. लोखंडी पेटी, ओली जमीन, आत थ्री फेज, अन अर्थिंग बरोबर आहे की नाही कोणाला माहीत, अशा ठिकाणी चालू लाइनमध्ये तारा-पाती घालून खुडबुड करू नका. सप्लाय बंद असतानाच हात लावा, पेटीला आधी टेस्टर लावून पहा, रात्रीची लाइन असेल तर पाणी एक रात्र उशिरा जाऊ द्या.

गाडीच्या स्विचमध्ये तुटली तर सरळ मेकॅनिककडे, त्यात स्टेअरिंग लॉकही असते, घरी करू नका.

काहीच जमलं नाही तर कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का पहा, नाहीतर दांडा कापा. पण खोलीत कापूस भरलेला असेल तर ग्राइंडर बिलकुल नको बाप्पा, एक ठिणगी फटीतून गेली तर वर्षाची कमाई जाते. हातानेच हॅक्सॉ चालवा, वेळ लागते पण लागू द्या.

तुकडा निघाला की फेकू नका. दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून बाजाराच्या दिवशी चाबीवाल्याकडे न्या, तो दोन्ही जोडून त्याच्यावरून नवीन चाबी कापून देते. घरात मूळ चाबी असेल तर तीच न्या, नकलेवरून नक्कल केली की दाते थोडे थोडे चुकत जातात अन जोर लावावा लागते, तिथूनच चाबी तुटायला सुरुवात होते. अन चाबीला धरून दार ओढायची सवय असेल तर ती सोडा, मानेजवळ बारीक चीर दिसली की त्याच आठवड्यात नवीन करून घ्या. वावरातल्या कुलपावर जुन्या ट्यूबचा एक तुकडा खिळ्याने वरून लटकवून ठेवा, पावसाचं पाणी सरळ आत जात नाही.