आरव्हीचं टॉयलेट गळतंय? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे करून बघा

आमची आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) हिवाळाभर अंगणात उभी असते, इथे ओहायोत थंडी कडक. मागच्या एप्रिलला बाहेर काढली तर टॉयलेटच्या मागे जमीन ओली. सर्व्हिसवाल्याने नुसतं येऊन बघायचे १५० डॉलर सांगितले, शेवटी तीसेक डॉलरचा व्हॉल्व्ह आणून घरीच बसवला.

ओलं दिसलं की नुसतं पुसून सोडू नका. खाली बहुतेक प्लायवूड असतं, त्यात पाणी मुरलं की ते कुजतं आणि मग जमीनच उखडावी लागते, तो खर्च भयंकर आहे.

आधी गळतंय कुठून ते शोधा, घाईने पार्ट मागवू नका. सगळं कोरडं करा, टॉयलेटभोवती टिश्यू पेपर अंथरा, गाडीचा पाण्याचा पंप चालू करा आणि अर्धा तास हातच लावू नका. फ्लश न करता मागचा टिश्यू भिजला तर पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा पाइपचा जॉइंट, फक्त फ्लश करतानाच मागून वरनं ओघळ आला तर व्हॅक्युम ब्रेकर (भांड्यातलं पाणी उलटं पाइपात जाऊ न देणारा भाग), फ्लशनंतर बुडाशी घाण पाणी आलं तर फ्लोअर सील (टॉयलेट आणि जमिनीच्या मधली रबरी रिंग). बाहेर सगळं कोरडं पण भांड्यातलं पाणी तासाभरात गायब आणि वास येतोय, तर पेडल दाबल्यावर जो बॉल सरकतो त्याचा रबर सील. रात्री कोणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनच घुर्र करतो ना, तीही बऱ्याचदा गळतीचीच खूण.

बॉलचा सील लगेच बदलू नका. बऱ्याचदा खाचेत कागदाचा तुकडा किंवा पाण्याचा क्षार अडकलेला असतो. पाणी बंद करून ग्लव्हज घाला, पेडल दाबून धरायला कोणालातरी सांगा, जुन्या टूथब्रशने व्हिनेगर लावून खाच घासा, पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन अजिबात नको, त्याने रबर फुगतं.

व्हॉल्व्ह किंवा फ्लोअर सील बदलायचा तर बहुतेक मॉडेलमध्ये टॉयलेट उचलावंच लागतं. मॉडेल नंबर बघून पार्ट आधी आणून ठेवा, सोबत नवा फ्लोअर सीलही घ्या, जुना परत वापरायच्या भानगडीत पडू नका. डंप स्टेशनला (आरव्हीची घाण टाकायची जागा) ब्लॅक टँक, म्हणजे टॉयलेटच्या घाणीची टाकी, रिकामा करून धुवून घ्या, पंप बंद, बाहेरची होज काढा, पेडल दाबून उरलेलं प्रेशर जाऊ द्या. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत-सिगारेट नको कारण टँकमधून मिथेन येऊ शकतो. मोबाइलवर फोटो काढा, पाण्याचा पाइप सोडवा, बुडाचे दोन नट काढा (आमच्याला अर्धा इंची पाना लागला) आणि टॉयलेट सरळ वर उचला. भोकात मोठा जुना टॉवेल कोंबा पण त्याचं टोक बाहेर राहू द्या, नाहीतर स्क्रू आत पडला की संपलंच.

आमच्या व्हॉल्व्हला टॉर्च लावली तेव्हा प्लास्टिकवर केसाएवढी चीर दिसली, आत राहिलेलं पाणी गोठून फुगलं होतं. स्क्रू काढून नवा बसवला. पाइपचं प्लास्टिक नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. त्यात रबर वॉशर असतो म्हणून टेफ्लॉन टेप लागत नाही.

टॉवेल काढा, फ्लँजचे (जमिनीवरची रिंग, जिच्यावर टॉयलेट बसतं) स्क्रू हलत नाहीत ना बघा, नवा सील ठेवा, टॉयलेट सरळ खाली बसवा आणि नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. डुगडुगणं थांबलं की थांबा, जास्त जोर लावला तर बूड तडकतं.

मग पुन्हा टिश्यू अंथरून पाणी चालू करा आणि रात्रभर तसंच ठेवा. गाडी तासभर चालवून आणून अजून एकदा बघा, धक्क्यांनी जॉइंट ढिला होतो. थंडीच्या आधी पाणी काढून गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भरायचं द्रव) भरताना टॉयलेटचं पेडलही दाबा आणि भांड्यात गुलाबी रंग दिसेपर्यंत सोडू नका, आमच्याकडून नेमकं तेच राहिलं होतं.