थायरॉईडचं ऑपरेशन झाल्यावर: सुरुवातीला एकट्या टीएसएचच्या रिपोर्टवर विसंबू नका

थायरॉईड जास्त हार्मोन बनवतो (हायपरथायरॉईडिझम) म्हणून पूर्ण ग्रंथी काढली की कार्बिमाझोल, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी, बंद होते. धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉल मात्र एकदम तोडायची नाही, ती डॉक्टर हळूहळू उतरवतात. कारण रक्तात आधीपासून असलेलं टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात.

पहिले तीन दिवस लक्ष कॅल्शियमवर ठेवा, ऑपरेशननंतर ते कमी होऊ शकतं. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातापायांत गोळे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बोटं आखडली, मान सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट इमर्जन्सीत जा.

लेव्होथायरॉक्सिनचा (ग्रंथीऐवजी टी-४ देणारी थायरॉईडची गोळी) रोजचा डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला १०० च्या आसपास. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर सुरुवात कमी डोसने होते. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानंतर. ऑपरेशननंतर कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात आणि घोळ नेमका इथे होतो: दोन्ही एकत्र घेतल्या की थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये चार तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीलाही हेच लागू.

पहिली तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी, टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) दोन्हींची. एरवी टी-४ जास्त असलं की टीएसएच कमी होतं, पण जास्त हार्मोनमुळे अनेक महिने दबलेली पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) लगेच सावरत नाही. त्यामुळे टीएसएच ०.०५ इतकं खाली आणि फ्री टी-४ सुद्धा कमी, असा रिपोर्ट येऊ शकतो. नुसता टीएसएच पाहून ‘डोस जास्त झाला’ म्हणत गोळी कमी केली, तर आधीच थकलेल्या, थंडी वाजणाऱ्या, वजन वाढत चाललेल्या माणसाचे हाल आणखी वाढतात. या काळात फ्री टी-४ ला जास्त वजन द्यायला हवं. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान दोन दिवस आधी थांबवा. त्याने रिपोर्टमध्ये थायरॉईड खोटाच ‘वाढलेला’ दिसू शकतो.

एकच बाजू काढली असेल तर कदाचित गोळी लागणारही नाही, तपासणी मात्र चुकवू नका.

ग्रेव्हज (शरीराच्याच अँटिबॉडीमुळे थायरॉईड जास्त काम करण्याचा आजार) असलेल्या स्त्रियांनी गरोदरपणाआधीच डॉक्टरांशी बोलावं. ग्रंथी गेली तरी अँटिबॉडी रक्तात उरू शकतात आणि बाळाच्या थायरॉईडवर परिणाम करू शकतात. शिवाय दिवस राहिले की लेव्होथायरॉक्सिनचा डोस बहुधा वाढवावा लागतो.