ठाण्यात घर घेताय? पावसात पाहा, पितृपक्षात भाव ठरवा

दसरा जवळ आला की घोडबंदर रोडवर होर्डिंगांची रांग लागते आणि घराघरांत एकच विषय निघतो: आत्ता बुकिंग करायचं की थांबायचं? माझा अनुभव सांगतो की घर पाहायचा काळ वेगळा, भाव ठरवायचा वेगळा आणि सही करायचा आणखी वेगळा. हे तीन वेगळे धरलेत तर वर्ष जाईल, पण पश्चात्तापाची वेळ येणार नाही.

पहिली फेरी मे महिन्यात, पाण्यासाठी

सकाळी सातला सोसायटीच्या गेटपाशी अर्धा तास उभे राहा. टँकर किती येतात ते मोजा, वॉचमनला विचारा. मालकाकडून मेंटेनन्सचं ताजं बिल मागून घ्या, त्यात टँकरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. घोडबंदरच्या पट्ट्यात ही फेरी चुकवू नका.

दुसरी फेरी जुलैत, भर पावसात

हीच सगळ्यात महत्त्वाची. धाकट्या भावासाठी आम्ही मानपाड्याला एक रिसेल फ्लॅट पाहिला होता, मे महिन्यात. ताजा रंग, दक्षिणेला मोठी खिडकी, भरपूर वारा. टोकन द्यायचंच बाकी होतं. जुलैत चार दिवस झड लागली तेव्हा पुन्हा गेलो आणि बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढायला सांगितलं. मालकीणबाई कचरल्या, पण ओढलं त्यांनी. मागे छतापासून कमरेपर्यंत रंग फुगून पोपडे सुटले होते. बोट टेकवलं तर ओला चुना हाताला लागला. काकू बिचाऱ्या खरं बोलल्या, "दिवाळीला दरवर्षी रंग काढतो, मग काही दिसत नाही."

आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी तपासा. कपाटामागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवा. वरच्या मजल्यावर टेरेसखालचं छत पाहा. नव्या इमारतीत लिफ्टचा खड्डा आणि तळघरातलं पार्किंग पाहा.

नवी मुंबईत याला भरतीची जोड द्या. तिथला बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी आतच थांबतं. त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीची वेळ पाहून, स्टेशनपासून इमारतीपर्यंत पायी चालत जा. पाणी कुठे तुंबतं ते चपला सांगतील.

ऑगस्टमध्ये पैशांचं गणित

बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी आधीच काढून ठेवा, म्हणजे भाव करताना तुमच्या शब्दाला वजन येतं. ठाण्यातलं ८० लाखांचं घर धरा. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, पण या घराचं कर्ज ७५ लाखांच्या आत राहतं, म्हणून ८० टक्क्यांचा निकष लागतो, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. शिवाय घराच्या किमतीवर ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार, हेही खिशातूनच. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, इथे ८० हजार वाचतात. नवरा-बायकोच्या जोडनावाला ती सवलत लागू नाही.

बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ४ लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा दाखला) आल्यावर विकल्या जाणाऱ्या घराला जीएसटी नाही. इमारत उभी राहिली असेल आणि प्रमाणपत्र दोन-तीन महिन्यांवर असेल तर मी थांबेन. प्रकल्प कुठवर आलाय ते महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहता येतं.

भाव पितृपक्षात, टोकन घटस्थापनेला

भाद्रपदाच्या वद्य पक्षात लोक घराची बोलणी करत नाहीत, सेल्स ऑफिसं ओस पडतात आणि रिसेल मालकाचा फोन वाजत नाही. तुम्ही नेमके तेव्हा जा. बोलणी करा, भाव लेखी घ्या आणि टोकन घटस्थापनेला देऊ असं सांगा. आजी-आजोबांचंही मन राखलं जातं. दसऱ्याच्या ऑफरमध्ये मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं देऊ करतात, तेव्हा त्याच रकमेची सूट करारातल्या किमतीत मागा. किंमत उतरली की जीएसटी उतरतो, आणि रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या किमान दरापेक्षा वर असाल तोवर मुद्रांक शुल्कही. नव्या प्रकल्पात, करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. कितीही गोड बोलला तरी देऊ नका.

सही ३१ मार्चच्या आत

रेडीरेकनरचे नवे दर १ एप्रिलला लागू होतात. दरवर्षी वाढतातच असं नाही, पण २०२५ मध्ये ठाण्यात सरासरी ७.७२ टक्के वाढ झाली. मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. घाबरू नका: मुद्रांक शुल्क भरून करारावर ३१ मार्चपर्यंत सह्या झाल्या असतील तर नोंदणीला सहीपासून चार महिने मिळतात.

वाशी, नेरुळ, कोपरखैरणे अशा ठिकाणच्या रिसेल घरांना सोसायटीच्या एनओसीबरोबर सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्कही लागतं. त्याला किती दिवस लागतील ते टोकन देण्याआधीच विचारून घ्या, आणि मार्चमध्ये सही करायची असेल तर कागद जानेवारीतच हलवा.