घराचा नकाशा पक्का करण्याआधी या चुका टाळा

दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधणारी माणसं नकाशा हातात आला की आधी खोल्या मोजतात. हॉल केवढा, बेडरूम किती, देवघर ईशान्येला आलं का, पुढेमागे जागा किती सुटली. हे बघायलाच हवं. पण राहायला गेल्यावर रोज जे नडतं ते यात सहसा नसतं. नडतो तो दारामागे गेलेला स्विचबोर्ड, अर्धंच उघडणारं कपाट, बाथरूमच्या दाराशी साचणारं पाणी. कारण नकाशात भिंती असतात, सामान नसतं. पलंग, फ्रीज, सिलिंडर, उघडलेली दारं आणि घरातली म्हातारी माणसं त्यात बसवून कुणी पाहिलेलीच नसतात.

खोली मोजली, पलंग मोजला नाही

१० बाय १० ची बेडरूम कागदावर छान दिसते. आता हिशोब करा. दोघांचा पलंग ५ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब, आणि लाकडी चौकटीचा असेल तर त्याहून ३-४ इंच मोठा. डोकं एका भिंतीला लावलं तर पायथ्याशी उरले साडेतीन फूट. समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट केलं की चालायला दीड फूटही नीट उरत नाही, आणि कपाटाचं दार पलंगावर आपटतं. शिवाय नकाशातलं १० फूट हे बहुधा विटांमधलं माप असतं. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यात एखादा इंच जातो.

उपाय सोपा आहे. कपाट पायथ्यासमोर घेण्याऐवजी पलंगाच्या बाजूच्या भिंतीला घ्या, किंवा सरकत्या दारांचं करा. घर बांधून झालं असेल तरी जुन्या कपाटाला सरकती दारं बसवता येतात, फक्त त्यात कपाटाच्या आतले ३-४ इंच जातात.

आणखी एक गोष्ट इथेच बघा. आर्किटेक्टचा नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग (इंजिनिअरचा कॉलम-बीमचा नकाशा) शेजारी शेजारी ठेवून कॉलम कुठे येतायत ते तपासा. भिंत सहा इंची आणि कॉलम ९ बाय १५ चा असेल, तर तो कोपऱ्यात बाहेर येणारच. नेमका तिथे कपाटाचा कोनाडा धरलेला असतो आणि सुतार आल्यावर ते कळतं. कॉलमची लांब बाजू भिंतीच्या रेषेत घेता येईल का, हे आधी विचारलं तर इंजिनिअर बघू शकतो. सळई उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

दार कुठल्या बाजूला उघडतं

प्रत्येक दार नकाशात पेन्सिलीने पूर्ण उघडून काढा. दोन दारं एकमेकांवर आपटतात का, दारामागे स्विचबोर्ड जातो का, हे लगेच दिसतं. स्विच नेहमी कुलपाच्या बाजूला हवेत, बिजागरीच्या बाजूला नकोत. बोर्ड चुकीच्या बाजूला गेलाच असेल तर भिंत फोडण्याआधी सुताराला विचारा. बिजागऱ्यांची बाजू बदलणं पुष्कळदा स्वस्तात होतं.

जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यामुळे माणसं पडतात.

समजा एका मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच आहे. १७ चढ धरले तर प्रत्येक चढ ७ इंचांच्या आसपास येतो. सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा बांधणारा) कच्च्या स्लॅबपासून कच्च्या स्लॅबपर्यंत सारखे भाग पाडून जिना ओततो. त्या दिवशी सगळं बरोबर असतं. मग खाली फरशी बसते, मसाला धरून साधारण ३ इंच. वरच्या मजल्यावरही तेवढीच. पायऱ्यांवर मात्र ग्रॅनाइट आणि मसाला मिळून दीड इंचच चढतो. परिणाम असा, की पहिली पायरी साडेपाच इंचांची होते आणि शेवटची साडेआठ इंचांची. मधल्या सगळ्या ७ च्या. पाय जिना चढताना उंची मोजत नाही, मागच्या पायरीवरून अंदाज घेतो. शेवटच्या पायरीला अंगठा अडतो आणि उतरताना त्याच जागी पाय रिकामा जातो.

ओतण्याआधी दोन्ही मजल्यांची तयार फरशीची लेव्हल भिंतीवर खुणेने मारून घ्या आणि त्या खुणांमध्ये भाग पाडा. वरच्या उदाहरणात कच्ची पहिली पायरी साडेआठची आणि शेवटची साडेपाचची ओतावी लागेल, म्हणजे फरशी बसल्यावर सगळ्या ७ च्या होतील. गवंड्याला हे विचित्र वाटतं, म्हणून समोर उभं राहून करून घ्या. जिना ओतून झालाय पण फरशी बसायची आहे, तर पायऱ्यांवरचा थरही खोलीइतकाच ३ इंचांचा केला की उंची जुळते. त्याने वजन वाढतं, तेव्हा इंजिनिअरला विचारूनच.

ओट्याची उंची कुणाची

ठेकेदार विचारत नाही, तो ३३ इंच धरतो. पण उंची ठरते ती स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरावरून. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवा, आणि ओटा त्याच्या ४ ते ५ इंच खाली ठेवा. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून ३७-३८ इंचांवर येतं, तिला ३३ बरोबर आहे. साडेपाच फुटांच्या माणसाला तोच ओटा कंबर मोडणारा ठरतो. घरात रोज पोळ्या लाटल्या जातात, म्हणून ज्यांना लाटायच्या आहेत त्यांना साइटवर नेऊन विटांवर फळी ठेवून बघा. माप तयार फरशीपासूनच घ्या, नाहीतर इथेही ३ इंच गिळले जातात. ओटा आधीच बांधलेला असेल आणि उंच पडत असेल, तर पोळ्यांपुरता एक बुटका कट्टा किंवा ओढून काढायची फळी ट्रॉलीत बसवता येते.

सिंक खिडकीखाली छान वाटतं, पण खिडकीची झडप आत उघडणारी असेल तर ती नळाला अडते. तिथे सरकती खिडकी किंवा भिंतीतला नळ घ्या.

सिलिंडरची जागा ठरवताना एक गोष्ट कधीच सोडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी भोकं किंवा जाळी हवी. सगळीकडून बंद, चकचकीत ट्रॉली दिसायला सुंदर असते आणि सिलिंडरसाठी धोक्याची. कप्प्याची जमीनही बाहेरच्या फरशीच्या लेव्हललाच ठेवा, म्हणजे भरलेला सिलिंडर उचलून आत ठेवावा लागणार नाही. भरलेल्या दुसऱ्या सिलिंडरलाही जागा लागते, ती नकाशात काढा.

फ्रीजचा कोनाडा आत्ताच्या फ्रीजच्या मापाचा करू नका. पुढचा मोठाच येणार. बिजागरीच्या बाजूला भिंत असेल तर ३-४ इंच मोकळे सोडा, नाहीतर दार पूर्ण उघडत नाही आणि आतले भाजीचे ड्रॉवर बाहेर निघत नाहीत.

इंडक्शन २००० वॅटची असेल तर ती ९ अँपिअरच्या आसपास घेते. ६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. ओट्यावर निदान दोन १६ अँपिअरचे पॉइंट काढा. सॉकेट तापतंय किंवा काळं पडतंय असं दिसलं तर नुसतं सॉकेट बदलू नका, मागची वायरही वायरमनकडून तपासून घ्या.

बाथरूम

४ फूट रुंदीचं बाथरूम गिलावा आणि टाइल्स लागल्यावर पावणेचार फुटांचं होतं. म्हणून इथे इंचाला किंमत आहे.

पाणी दाराशी साचतं त्याची कारणं दोन: नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) चुकीच्या कोपऱ्यात आणि उताराचा आळस. ट्रॅप दारापासून लांबच्या टोकाला घ्या, आणि दर ६ फुटांना पाऊण ते एक इंच उतार ठेवा. टाइल्स बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, ठेकेदाराचे पैसे देण्याआधी, दोन बादल्या पाणी ओतून बघा. जिथे थांबेल तिथल्या टाइल्स तेव्हाच काढायला लावा. नंतर कोणी येत नाही.

म्हातारी माणसं घरात असतील, किंवा पुढे होणार असतील (आपण सगळेच होणार आहोत), तर तळमजल्याचं बाथरूम त्यांच्या हिशोबाने करा. दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला तर दारच अडतं, बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. ते बाहेर उघडणारं करा किंवा सरकतं. कडी बाहेरून उघडता येईल अशी घ्या. अडीच फुटी चौकटीत प्रत्यक्ष मोकळी जागा २५ इंचांच्या आसपास उरते, त्यातून व्हीलचेअर जात नाही. ३ फुटी चौकट घेतली तर जाते. आणि भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतील तर आधाराचा दांडा जिथे लागणार तिथे दोन-तीन ब्लॉकऐवजी काँक्रीट भरून ठेवा. त्या ब्लॉकमध्ये साध्या खिळीवर बसवलेला दांडा माणसाच्या वजनाने निघून येतो.

सोलर वॉटर हीटर गच्चीच्या एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला असं करू नका. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे ३०० मिली पाणी असतं. १५ मीटर पाइप असेल तर गरम पाणी यायच्या आधी साडेचार लिटर गार पाणी दरवेळी वाया जातं. पाण्याची टाकी शॉवरपासून २ मीटरच उंच असेल तर दाब ०.२ बारच मिळतो. मोठा शॉवर घेऊन तिथे धार येत नाही, मग प्रेशर पंप लावावा लागतो.

बाकीचं थोडक्यात

पावसाळ्यात कपडे कुठे वाळणार? आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूची उघडी बाल्कनी त्या चार महिन्यांत उपयोगाची नाही. दोऱ्यांची जागा छपराखाली, वारा येईल अशी काढा. वॉशिंग मशीनला नळ, सांडपाण्याची वाट आणि १६ अँपिअरचा पॉइंट एकाच ठिकाणी हवेत. चपला, छत्र्या आणि ओले रेनकोट यांना उंबऱ्याबाहेर छज्जाखाली जागा लागते. इन्व्हर्टरवर कुठले दिवे-पंखे चालणार ते वायरिंगच्या आधी सांगा आणि बॅटरी हवेशीर जागी ठेवा. गणपती जिथे बसवणार त्या कोपऱ्यात एक प्लग काढून ठेवा, म्हणजे आरास करताना वायर दारातून ओढावी लागणार नाही.

जोत्यावर विटांचे पहिले दोन-तीन थर आले की एक सकाळ काढा. फक्कीने जमिनीवर पलंग, कपाट, फ्रीज, डायनिंग टेबल खऱ्या मापात आखा आणि घरातल्या सगळ्यांना त्यातून चालायला लावा. या टप्प्यावर दार फूटभर सरकवायला फार खर्च येत नाही. स्लॅब ओतल्यावर येतो.

गिलावा करण्याआधी भिंतीतले सगळे पाइप आणि वायरींचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, कोपऱ्यापासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर दिसेल असे. प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे. फोटोंची एक प्रत कागदावर छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा. दहा वर्षांनी ड्रिल मारायची वेळ येईल तेव्हा तो मोबाइल तुमच्याकडे नसेल.