हळकुंडाला भोक दिसलं? मग या चुका टाळा

भाव वाढेल या आशेवर पावसाळाभर हळद घरात ठेवायची वसमत-हिंगोलीकडे आता सवयच झाली आहे. मग पोळ्याच्या आगेमागे पोतं उघडावं तर तळाशी पिवळी भुकटी आणि हळकुंडांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं! हा उद्योग सिगारेट बीटलचा. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस, मान खाली घातलेला भुंगा. तंबाखू, सिगार, मिरची, धने, हळद, त्याला काहीच वर्ज्य नाही.

सगळ्यात महागात पडते ती भोकावर फवारा मारण्याची चूक. ते भोक भुंगा बाहेर पडल्याचं असतं. नुकसान त्याआधीच झालेलं असतं, आणि ते करते पांढरी केसाळ अळी. उबदार हवेत अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा फेरा साधारण महिना-दीड महिन्यात पुरा होतो. म्हणजे भोक पडलेली हळकुंडं वेचून फेकली तरी अजून भोक न पडलेल्या हळकुंडांत अळ्या असू शकतात. फवारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. खाणाऱ्याच्या पोटात मात्र जातो.

वरची मूठ बघून पोतं परत शिवू नका. तळातली, मधली, भिंतीकडची हळद काढून काळ्या कापडावर झटका. नुसत्या भुकटीवरून निकाल देऊ नका, पॉलिशची धूळही पडतेच. चार हळकुंडं मोडून बघा. चांगली वाळलेली हळद कटकन मोडते आणि आत भरीव असते. किडलेलीत बोगदे आणि सैल भुकटी सापडते. शेतातच कंदमाशी, म्हणजे जमिनीतला कंद पोखरणारी माशी, लागली असेल तर पोकळी वेडीवाकडी, काळपट दिसते, ताजी भुकटी नसते. ती कीड पोत्यात पसरत नाही, उगाच घाबरू नका.

नुसतं ऊन दाखवूनही भागत नाही. भुंगे उडून शेजारच्या मिरचीत जातात, आतली अळी वाचू शकते आणि उन्हानं हळदीचा रंग उतरतो तो वेगळाच.

आता भोकं बुजवण्याचं. सिगारच्या वरच्या पानाला भोक पडलं तर शौकीन लोक आधी सिगार फ्रीझरमध्ये ठेवून कीड मारतात, मग तशाच पानाचा तुकडा खाण्याच्या डिंकानं चिकटवतात. तिथं हवा गळू नये एवढाच प्रश्न असतो. हळकुंडावर हळदीचं पाणी मारून पुन्हा पॉलिश केली तर मोंढ्यातला व्यापारी मोडून बघणारच, आणि मग चांगल्या मालाचाही भाव पडतो. किडलेला माल वेगळा काढा, वेगळाच दाखवा.

साठवलेल्या मालातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या फॉस्फीन वायूनं झोपेत माणसं गेलेली आहेत. माल जास्त असेल तर गोदामात, परवानाधारक माणसाकडूनच धुरी करून घ्या. घरच्या दोन-चार किलोंसाठी हवाबंद पिशवी आणि फ्रीझर पुरे: उणे 18 अंशांवर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, नाहीतर हळकुंडांना पाणी सुटेल.

आणि गेल्या वर्षीचं बारदान पुन्हा वापरू नका. त्याच्या शिवणीत कीड राहू शकते.