मिररलेस की प्रीमियम कॉम्पॅक्ट : कॅमेरा निवडताना

मुंबईतील फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेरा घेण्यास जाण्यापूर्वी, तो रोज आपल्यासोबत राहील का, हे आधी ठरवावे. प्राथमिक मिररलेसमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, बहुधा सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा, एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग; तो मोठा असला की कमी प्रकाशात फायदा होतो) असतो, तर लेन्स कायमची जोडलेल्या अनेक छोट्या प्रीमियम कॉम्पॅक्टमध्ये १३.२ × ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास तिपटीने लहान. मात्र केवळ या आकड्यांवर निर्णय घेऊ नये. मिररलेससोबत मिळणारी किट लेन्स सहसा एफ ३.५-५.६ इतकीच उघडते (एफचा आकडा लहान, तितका आत येणारा प्रकाश जास्त), आणि कॉम्पॅक्टची लेन्स एफ १.८ची असेल, तर गणेशोत्सवातील रात्रीच्या मंडपात सेन्सरचा फायदा बराचसा पुसला जातो. रिको जीआर ३ या कॉम्पॅक्टमध्ये तर एपीएस-सी सेन्सरच आहे, पण झूम नाही.

लेन्स बदलत शिकण्याची खरी ओढ असेल, तर मी मिररलेसच सुचवीन. मात्र दुसऱ्या लेन्सचा खर्च आजच हिशेबात धरावा. लोकलच्या गर्दीतून रोज प्रवास करणाऱ्याला खिशात मावणारा कॉम्पॅक्ट अधिक उपयोगी पडेल.

मुंबईच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, म्हणून कोणताही कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर लेन्स बदलणे टाळावे.