पेनच्या ब्लँकला लेथवर भोक पाडताना या चुका टाळा

लेथवर, म्हणजे तुकडा फिरवून कातण्याच्या यंत्रावर, भोक पाडले की ते आपोआप मध्यावर येते, हा समज नवख्यांमध्ये फार पक्का असतो. ब्लँक, म्हणजे ज्यातून पेन घडवायचे तो लाकडाचा किंवा ऍक्रिलिकचा तुकडा, फिरते आणि ड्रिल स्थिर राहते, म्हणून भोक फिरण्याच्या अक्षाभोवती पडते, एवढे खरे. परंतु तो अक्ष ब्लँकच्या मध्यातून जातो की नाही, हे ब्लँक कसे धरले आहे त्यावर अवलंबून असते. चौकोनी ब्लँक तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकात, म्हणजे ब्लँक पकडणाऱ्या साधनात, कोंबण्याचा हट्ट करू नये. चार जॉचा किंवा पेनसाठी मिळणारा दोन जॉचा चक वापरावा आणि ड्रिल लावण्यापूर्वी ब्लँक हाताने फिरवून त्याचे मोकळे टोक डगमगते का, ते पाहावे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका तरुणाची तक्रार होती की 7 मिलीमीटरच्या भोकात, आत चिकटवायची पेनची पितळी नळी तोंडाशी खुळखुळते आणि आत मात्र नीट बसते. त्याने महागडे ड्रिल आणले, तरी फरक पडला नाही. मग फट बुजवण्यासाठी तो जास्त गोंद ओतू लागला, आणि शिसवीचा एक देखणा तुकडा पातळ होत असताना हत्याराखाली तोंडाशीच उडाला. भोक फक्त तोंडाशी रुंद होत असेल, तर ड्रिलचे टोक अक्षावर नाही आणि लाकडात शिरताना ते वाकून मध्याकडे सरकत आहे, असे समजावे. टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या ड्रिलकडील भागाच्या, टेपरमध्ये (निमुळत्या छिद्रात) बोट फिरवताच लाकडाचा चुरा हाताला लागला. त्यामुळेच त्यात बसणारा, ड्रिल पकडणारा ड्रिल चक किंचित तिरका बसत होता. दोन्ही टेपर पुसून, हेडस्टॉक (ब्लँक फिरवणारा भाग) आणि टेलस्टॉकमध्ये टोकदार सेंटर बसवून टोकाला टोक भिडते याची खात्री केली, तेव्हा जुन्याच ड्रिलने काम झाले. ड्रिल चक बसवण्यापूर्वी मी दर वेळी टेपर फडक्याने पुसतो. ज्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी गोंदाचा खर्च मोजावा.

सेंटर ड्रिलने (सुरुवातीचा खळगा पाडणाऱ्या आखूड ड्रिलने) खळगा पाडल्याशिवाय लांब ड्रिल लावू नये, कारण ते लवचीक असते आणि लाकडाच्या कठीण रेषेवरून घसरते.

अधीरपणाचा खरा फटका भोक खोल गेल्यावर बसतो. ड्रिलच्या खाचा ब्लँकच्या आत पूर्ण बुडाल्या की चुऱ्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तो आत दाबला जातो, घर्षणाने तापतो, मग लाकूड तडकते आणि ऍक्रिलिक वितळून ड्रिलला चिकटते. सुरुवातीपासूनच मी दर पाच-सहा मिलीमीटरला ड्रिल पूर्ण बाहेर काढून ब्रशने साफ करतो, आणि ऍक्रिलिकसाठी 500 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जात नाही. वेग वाढवून वेळ वाचतो, असे सांगणाऱ्यांची तडकलेली ब्लँक मी पुष्कळ पाहिली आहेत. ड्रिल मागे ओढताना मात्र दुसरा हात ड्रिल चकवर असावा, अन्यथा चक टेपरमधून सुटून ब्लँकबरोबर फिरू लागतो.

बोथट ड्रिल वापरू नये, यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

ड्रिल पलीकडून बाहेर पडताना ब्लँकचे टोक फुटते, म्हणून ब्लँक नळीपेक्षा सुमारे अर्धा इंच लांब ठेवावे, भोक आरपार न नेता नळीच्या लांबीपलीकडे थोडे जाऊन थांबावे आणि उरलेले टोक करवतीने कापून भोक उघडे करावे.